सत्तरचं बोअर

"दहा सीसी म्हणजे नेमकं किती गं, मास्तरीण?" आबांनी ताटातून मान वर न करता विचारलं.

"दहा मिलिलिटर," मी म्हटलं. "खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे."

"ऐकलंस?" आबा उत्तमकडे वळले. "दोन चमच्यांसाठी बापासंगं भांडतोयस."

"दोन चमचे न्हवं, आबा. शेवटच्या फेरीला तेवढ्यानं गाडीभर अंतर पडतंय."

"मग जरा बरी चालव की गाडी. सगळं इंजनानंच करायचं व्हय?"

शहाऐंशी सालची दिवाळी होती आणि माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. उत्तम म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणते, पण कागदावर उत्तम लिहायला हरकत नाही. आबा माझे सासरे, रंगराव सुतार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांना रंगा मेस्त्री म्हणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी मिरजेची, गणितात बी.एस्सी. आणि मुलींच्या शाळेत नोकरीला. आबांनी पहिल्याच आठवड्यात माझं 'मास्तरीण' करून टाकलं होतं.

आमचा धंदा बोअरिंगचा. इंजिनाचे सिलिंडर झिजून लंबुळके होतात, ते आतून कापून पुन्हा गोल करायचे. कापलं की भोक मोठं होतं, मग त्यात मोठा पिस्टन बसतो. एरवी हे दुरुस्तीसाठी करतात. उत्तमला ते शर्यतीसाठी करायचं होतं. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या धावपट्टीवर फेब्रुवारीत शर्यती होत, आणि उत्तमने एक जुनी फियाट त्यासाठी उघडून ठेवली होती. भोक जेवढं मोठं, तेवढी इंजिनाची ताकद जास्त. पण त्याच्या गटाला त्या वर्षी साडेअकराशे सीसीची मर्यादा होती. एक सीसी जरी वर गेला तरी गाडी मोठ्या इंजिनांच्या गटात जाणार, आणि तिथं आमची फियाट म्हणजे बैलांच्या शर्यतीत शेळी.

मूळ बोअर, म्हणजे त्या भोकाचं माप, अडुसष्ट मिलीमीटरचं. उत्तमला ते एकोणसत्तर पूर्णांक आठ हवं होतं. मी उत्तरपत्रिकेच्या पाठीवर गणित करून दिलं होतं: अकराशे अठ्ठेचाळीस सीसी. आबांचा हट्ट साडेएकोणसत्तरचा, म्हणजे अकराशे अडतीस.

"शेवटची भाकरी टोपलीत ठेवून उठावं," आबा म्हणाले. "उद्या सिलिंडरला ओरखडा पडला तर परत कापायला काय ठेवशील? ह्यो इंजनाचा ब्लॉक मी भंगारातनं सतरा ब्लॉक वाजवून निवडलाय. असला दुसरा गावायचा न्हाई."

उत्तमने माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं. नवरा आणि सासरा यांच्यामध्ये पडण्याइतकं माझं लग्न जुनं झालं नव्हतं.

"बरं, साडेएकोणसत्तर," उत्तम शेवटी म्हणाला. "पण कापणार तुम्ही. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई."

"मग काय तू कापणार होतास?" आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. पहिल्यांदा तो ताटाच्या कडेला ठेवला गेला आणि मग आमटीत पडला. माझं लक्ष गेलं. ते काही पहिल्यांदा गेलं नव्हतं. महिनाभर आबा जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपून उतरत होते आणि पेपर वाचायचं सोडून माझ्याकडून बातम्या 'ऐकत' होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि घरात कुणी तो शब्द काढत नव्हतं.

उद्यमनगरला सोमवारी सुट्टी. त्या सोमवारी उत्तम कार्बुरेटर आणायला बेळगावला गेला होता. माझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती, म्हणून दुपारी आबांचा डबा घेऊन मीच कारखान्यात गेले. गल्लीत सगळी शटरं खाली होती. आमचं तेवढं अर्धं वर होतं.

आत आबा स्टुलावर बसले होते. समोर ब्लॉक घट्ट बांधलेला, वर बोअरिंगचं मशीन. पहिला घास, म्हणजे कापण्याची पहिली फेरी, घेऊन झाला होता, चारही सिलिंडर एकोणसत्तरला आणून ठेवलेले. आता शेवटचा घास, अर्ध्या मिलीमीटरचा. आबांच्या हातात मायक्रोमीटर होता. तो ते कधी डोळ्याजवळ नेत होते, कधी लांब धरत होते, कधी शटरच्या उजेडाकडे तिरका करत होते.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "चष्मा घरी राहिलाय. जरा हे वाचून दाखव."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला दिसत होता, आणि मला दिसतोय हे आबांनाही कळलं असावं. मग ते सरळच बोलले.

"उत्तमला सांगू नगंस, पोरी. सांगितलंस तर तो मला मशीनवरनं उठवील. चांगल्या मनानंच उठवील, पण उठवील. शर्यत होऊ दे. मग मिरजेला काय ते डोळं दाखवू. ऑपरेशन केलं तर दोन महिने घरात बसवतील, आणि एवढं इंजन मला करायचंय. हाताखालनं हजारभर ट्रक-ट्रॅक्टरची गेली असतील, पण पोराचं एकच हाय."

आबा असे कधी बोलत नसत. मी डबा ठेवला आणि मायक्रोमीटर हातात घेतला. कापणारं टोक किती बाहेर काढायचं ते आबांनी अंदाजाने लावलं होतं. आता फक्त माप वाचायचं होतं.

"दांडीवर शेवटची रेघ कुठली दिसती?"

"एकोणसत्तरची. आणि तिच्यापुढे खालच्या अंगाला एक अर्धी रेघ."

"आणि फिरत्या नळीवर?"

"शून्य जुळलंय."

"मग साडेएकोणसत्तर," आबा खूश झाले. "हाताला अजून कळतंय म्हणायचं."

कारखान्याचा एक रिवाज होता, आबांच्या गुरूंपासून चालत आलेला. प्रत्येक इंजिनाची मापाची चिठ्ठी निघे, आणि ज्याने माप वाचलं त्याने चिठ्ठीवर सही करायची. कापणारा कुणी का असेना. मी गमतीने म्हटलं, "मग सही मी करू का?" आबा हसले आणि मशीन चालू केलं.

तिसऱ्या सिलिंडरपासून सुरुवात केली. सगळ्यात मऊ तोच, असं म्हणाले. मशीन खाली उतरायला लागलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मान जरा तिरकी केली आणि खटका बंद केला.

"घास जड वाजतोय," ते म्हणाले.

आबांनी भिंतीवरच्या खिळ्यांवरून पितळी चकत्या काढल्या. प्रत्येक मापाची एक, त्यांनी स्वतःच तरुणपणी केलेल्या, वर आकडा ठोकलेला. साडेएकोणसत्तरची चकती त्यांनी सिलिंडरच्या तोंडात धरली. ती नुसती खडखडली. मग त्यांनी सत्तरची घेतली. ती अलगद, कुठेही न अडता आत बसली.

मला एवढंच समजत होतं की भोक सत्तरचं झालंय आणि कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. मी मनात गुणाकार केला. सत्तर म्हणजे अकराशे साडेचोपन्न सीसी. मर्यादेच्या साडेचार वर.

"काय झालं आबा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. नंतर म्हणाले, "काय व्हायचंय? हात चुकला. म्हातारा झालो."

ते स्टुलावर बसले आणि ब्लॉकवर हात फिरवत राहिले. "आत स्लीव्ह, म्हंजे लोखंडी नळकांडं, ठोकून बारीक करता येतंय. पण स्लीव्ह घालायची म्हणजे कारण सांगावं लागंल. आणि कारण सांगितलं, की झालं." डोळ्यांतून पाणी आलं ते मोतीबिंदूचं म्हणून त्यांनी पुसलं. माझा जीव तुटला. सासऱ्याला रडताना बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, आणि त्यांनी हात चुकला म्हणावं हे तर मला अजिबात सहन होईना.

मी तिथेच मापाच्या चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं. सातवीच्या मुलींना मी दर वर्षी एक उदाहरण घालत असे: पाण्याच्या टाकीचा घेर वाढला, पण पाणी तेवढंच मावायला हवं, तर उंची किती कमी कराल?

"आबा, पिस्टन वरखाली किती जातो?"

"पंच्याहत्तर मिली. स्ट्रोक म्हणतात त्याला."

"तो कमी करता येतो का? चौऱ्याहत्तर पूर्णांक सात केला तरी चालेल. घेर वाढलाय, तर उंची कमी करायची. सीसी दोन्हींचा मिळून असतो ना?"

आबांचा हात ब्लॉकवर फिरायचा थांबला.

"क्रँक," ते हळूच म्हणाले. "पिस्टन वरखाली करणारा क्रँक घासायचाच हाय. पिना झिजल्यात, अर्धा मिलीनं बारीक करायच्यात. एरवी सगळीकडनं सारखं घासतात. पण एकाच अंगानं घासलं तर..." त्यांनी हवेत बोट गोल फिरवलं. "तर पिन मधल्या बाजूला सरकती. पाव मिली सरकली तर पिस्टन वर पाव कमी, खाली पाव कमी."

"म्हणजे स्ट्रोक साडेचौऱ्याहत्तर."

"व्हय. किती हुतंय? कर की लवकर."

मी केलं. दोनदा केलं. "अकराशे सत्तेचाळीसलासुद्धा थोडं कमी."

"मर्यादेच्या आत?"

"तीन सीसी आत."

आबा उठले. "अर्धा मिली आडवा गेला, अर्धा उभा काढला," ते म्हणाले, आणि डबा उघडून भाकरी खायला लागले. मग जेवता जेवताच त्यांच्या लक्षात आलं की घेर मोठा आणि उडी आखूड असलं इंजिन जास्त फिरवता येतं, आणि शर्यतीत तेच हवं असतं. "पर उत्तमला सांगायचं कुणी?"

"मी सांगते. गणित माझं आहे."

त्या दुपारी उरलेले तिन्ही सिलिंडर त्याच मापाने सत्तरला कापले. पिस्टनवाल्याकडे ओबडधोबड ओतलेले पिस्टन तयार होते, त्याला फक्त शेवटचं माप कळवायचं होतं. चिठ्ठी मी लिहिली: बोअर सत्तर, स्ट्रोक साडेचौऱ्याहत्तर. सही करायला पेन टेकवलं तर आबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि चाचपत, ओळ सोडून, 'रं. सु.' असं लिहिलं.

"ह्याच्यावर माझी," ते म्हणाले. मला वाटलं, कारखान्याच्या कागदावर सुनेची सही बरी दिसणार नाही. जरा वाईटही वाटलं.

संध्याकाळी उत्तमने चिठ्ठी वाचली. परत वाचली.

"सत्तर? आबांनी सत्तर मान्य केलं?"

"मी मागे लागले," मी म्हटलं. "घेर वाढवून स्ट्रोक कमी केला तर इंजिन जास्त फिरतं."

"आबा कुणी मागं लागून ऐकत असते, तर आई त्यांना एकदा तरी काशीला घेऊन गेली असती." तो माझ्याकडे बघत राहिला. मी खोटं बोलले की माझे कान लाल होतात, हे त्याला आठ महिन्यांत कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः क्रँक घेऊन ग्राइंडिंगवाल्याकडे गेला आणि काम होईपर्यंत तिथून हलला नाही.

फेब्रुवारीत आम्ही तिघंही शोलावरमला गेलो. गाडी ट्रकवर, आम्ही ट्रकच्या केबिनमध्ये, आणि मांडीवर दशम्यांचा डबा. आबांना शर्यत दिसत नव्हती. ते कुंपणाला हात धरून ऐकत होते. उत्तमची गाडी समोरून गेली की मी सांगायच्या आधीच ते म्हणायचे, "गेला. अजून दम हाय, आणखी फिरीव म्हणावं." बारा फेऱ्यांनंतर उत्तम तिसरा आला. आबांनी माझा दंड एवढा घट्ट धरला होता की बोटं उमटली.

पहिल्या तिघांची इंजिनं उघडून मोजायची असा नियम होता. तपासणीला पार्थसारथी नावाचे एक टक्कल पडलेले, शांत अधिकारी होते. त्यांनी बोअर मोजलं, स्ट्रोक मोजला, आकडेमोड केली आणि भुवया वर केल्या. मर्यादेच्या जेमतेम तीन सीसी आत. असा क्रँक घासून स्ट्रोक आखडलेला त्या वर्षी दुसऱ्या कुणाचाच नव्हता. आजूबाजूला बाकीचे गाडीवाले, त्यांचे मेकॅनिक जमा झाले. पार्थसारथींनी हिंदीत विचारलं, "बहुत सुंदर काम है. ये माप किसने चुना?"

सगळे आबांकडे बघायला लागले. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. उद्यमनगरात आठवडाभर तीच गोष्ट फिरली असती, रंगा मेस्त्रीच्या डोक्याची. मला तर तेच हवं होतं.

आबांनी टोपी सारखी केली. "साब, गलती मेरा है," ते म्हणाले. "अक्कल बहू का."

लोक हसले. पार्थसारथी हसले नाहीत. त्यांनी मला नमस्कार केला आणि कागदावर सही केली.

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा ट्रकच्या केबिनमध्ये होतो. मग आबा समोर बघतच म्हणाले, "उत्तम, मला दिसत न्हाई रं. त्या दिवशी अर्धा मिली जास्ती कापलं मी. हिनं सावरलं."

"दिसत न्हाई ते ठाऊक हाय मला," उत्तम म्हणाला. "सहा महिने झालं. रोज तुम्ही घरी गेल्यावर तुमची मापं मी परत घेतोय."

"ते मला ठाऊक हाय."

"कसं?"

"मायक्रोमीटर पेटीत उलटा ठेवतोस. ल्हानपणापासनं."

उत्तम इतका हसला की ड्रायव्हरने गाडी हळू केली. "मग मला बोलला का न्हाईत?"

"तू तरी कुठं बोललास? तू मागं हाईस म्हणून मी बिनघोर कापत हुतो. त्या सोमवारी तू बेळगावला गेलास, आणि माझा हात चुकला."

त्यांनी मला माप वाचायला सांगितलं होतं, हे ते बोलले नाहीत. मला वाटलं, सुनेकडून माप वाचून घेतलं हे त्यांना लेकापुढं सांगायचं नसेल. मीही गप्प बसले, आणि मनातून जरा फुशारले होते. सासऱ्यांची चूक मी पोटात घातली, असं मला वाटत होतं.

मार्चमध्ये मिरजेला आबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन आठवड्यांच्या अंतराने. माझ्या माहेरी राहूनच त्यांनी विश्रांती घेतली. मेच्या सुट्टीत जाड काचेचा नवा चष्मा लावून ते कारखान्यात परत आले आणि पहिल्याच दिवशी मला बोलावून घेतलं.

"मशीन उत्तमनं चालवावं," ते म्हणाले. "पण दोघांचं माप तिसऱ्यानं वाचलेलं बरं. तू शीक."

त्यांनी खिळ्यावरची एक पितळी चकती काढून, आकडा खाली करून, माझ्या हातात दिली. "मोज."

मी मायक्रोमीटर लावला. आता मला त्याची भीती नव्हती. "दांडीवर एकोणसत्तर. पुढे अर्धी रेघ. नळीवर शून्य. साडेएकोणसत्तर, आबा."

"परत बघ. ती अर्धी रेघ नळीच्या कडेला चिकटलीय का?"

मी बघितलं. चिकटलेली नव्हती. रेघ आणि कड यांच्यात जागा होती, बारीक, पण होती.

"मग त्या जागेत आणखी किती मावतंय?"

"नळीचा एक पूर्ण फेरा, म्हणजे अर्धा मिली," मी म्हटलं. "पण पुढची रेघ दिसत नाही."

"दिसणार कशी? ती कडेखाली दडलेली असती. नवशिक्याला ती कधीच दिसत न्हाई. मलाबी माझ्या गुरूनं ह्याच्यावरनं थोबाडीत दिली हुती."

मी चकती उलटी केली. तिच्यावर सत्तर ठोकलेलं होतं.

तो सोमवार, अर्धं शटर, जड वाजलेला घास, आणि माझ्याकडे टाकलेली ती एक नजर, सगळं आता कळलं. नुसता हात चुकला नव्हता. हाताचा अंदाज थोडा चुकणारच, तो पकडण्यासाठीच तर माप वाचायचं होतं. चुकलं होतं ते माझं वाचन. आणि ते त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, चकती खडखडली तेव्हाच. तरी त्यांनी ती चूक आधी माझ्यापुढे, मग सगळ्या शोलावरमपुढे आणि शेवटी पोटच्या पोरापुढे स्वतःची म्हणून सांगितली.

"आबा," मी म्हटलं. "त्या चिठ्ठीवर माझी सही पाहिजे होती."

"डोळा नसताना मशीनवर बसला त्याची चूक," ते म्हणाले. "तू तर भाकरी घेऊन आलतीस." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आणि त्या दिवशी तुला सांगितलं असतं, तर तू रडत बसली असतीस. मग गणित कुणी केलं असतं?"

एका ट्रॅक्टरचं इंजिन बोअरिंगला आलेलं होतं. त्यांनी कापणारं टोक लावलं आणि मायक्रोमीटर माझ्याकडे दिला. मी कड बघितली, रेघ बघितली, जागा बघितली, आणि मग माप सांगितलं. त्यांनी ते पडताळून पाहिलं नाही. चिठ्ठीचं पॅड माझ्यापुढे सरकवलं, पेन दिलं आणि म्हणाले, "आता कर सही."